मास्तरांचा आखाडा

उत्तर हिंदुस्थानातील मल्लविद्येच्या जगात किताबांची वानवा कधीच नव्हती. हिंदकेसरी, भारतकेसरी, भारतभीम, रुस्तुम-ए-हिंद अशी भारदस्त बिरुदे जिंकावीत, गदा खांद्यावर घ्यावी, मिरवणूक निघावी आणि काही काळाने तीच गदा दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर गेलेली पाहावी, हा तेथील रिवाजच होय. हरियाणाचे मल्ल चंदगीराम यांनी ही सारी बिरुदे मिळविली. सरकारने १९६९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार दिला, १९७१ साली पद्मश्री दिली. परंतु २९ जून २०१० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावाआधी जो शब्द लोकांच्या तोंडी आला, तो यांपैकी एकही नव्हता. तो शब्द होता ‘मास्टर’. मास्टर चंदगीराम. किताब बदलत गेले, नोकरी सुटून कित्येक वर्षे लोटली, तरी शाळामास्तर म्हणून मिळालेले हे साधे संबोधन मात्र अखेरपर्यंत टिकले.

मराठी कानाला हा शब्द परका नाही. मात्र कुस्तीच्या संदर्भात तो ऐकण्याची सवय आपल्याकडे नाही. मास्तर शाळेतला, तालमीतला तो वस्ताद. या दोघांचे नाते खेडोपाडी फारसे सलोख्याचे कधी नव्हते. तालमीत रमलेला पोरगा अभ्यासातून गेला, अशी मास्तरांची तक्रार; आणि पुस्तकात मान खुपसून बसणाऱ्याच्या अंगात रग उरत नाही, असा वस्तादांचा दाखला. याला सन्माननीय अपवाद आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाऊ शकले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन आले, ते राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले म्हणून. पण तेथेही शिक्षक हा मल्लाचा पाठीराखा होता, वस्ताद नव्हता. चंदगीराम यांच्या ठायी ही दोन्ही पदे एकवटली होती, आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम या एकवटण्यातूनच झाले.

९ नोव्हेंबर १९३७ रोजी हिसार जिल्ह्यातील सिसाय या गावी त्यांचा जन्म झाला. हरियाणा हे राज्य तेव्हा अस्तित्वात नव्हते. ते १९६६ साली झाले. हा सारा मुलूख तेव्हा पंजाबात मोडत असे. शेती, म्हशी, फौजेची नोकरी आणि संध्याकाळी आखाडा, या चौकटीत तेथील तरुणाचे आयुष्य बसत असे. चंदगीरामही काही काळ जाट रेजिमेंटमध्ये शिपाई होते. नंतर ते शाळेत कला व हस्तव्यवसाय या विषयांचे शिक्षक झाले. कुस्ती त्यांनी गांभीर्याने हाती धरली ती वयाच्या एकविसाव्या वर्षी.

एकविसावे वर्ष! कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्याही वस्तादाला हे ऐकून हसू फुटेल. तेथे आठ-दहा वर्षांचे पोर लाल मातीत सोडले जाते. मातीशी सलगी होता होताच डाव त्याच्या अंगात मुरतात. एकविसाव्या वर्षी जो येतो, त्याचे हाड घट्ट झालेले असते, सवयी पक्क्या झालेल्या असतात. त्याला प्रत्येक डाव समजून घ्यावा लागतो: पकड कोठे, वजन कोणत्या पायावर, प्रतिस्पर्ध्याचा तोल नेमका कोणत्या क्षणी सुटतो. बालपणापासून ज्याला सारे सहज येते त्याला आपण काय करतो हे पुष्कळदा सांगता येत नाही. उशिरा शिकलेल्याला ते सांगता येते, कारण त्याने ते एकेक पायरी मोजत मिळविलेले असते. शिक्षक होण्याची ही एक उत्तम तयारीच म्हणावयाची. पुढे चंदगीराम यांनी भारतीय कुस्तीच्या डावपेचांवर हिंदीत पुस्तक लिहिले. डाव हे गुरूने कानात सांगावयाचे आणि शिष्याने जिवापलीकडे जपावयाचे गुपित, असे मानणाऱ्या जगात ते छापून सर्वांपुढे ठेवणे हा मास्तरी स्वभावाचाच भाग.

उशीर झाला तरी प्रगती मात्र झपाट्याची होती. १९६२ साली ते हिंदकेसरी झाले. हा किताब १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी आणि १९६० साली गणपतराव आंदळकर यांनी महाराष्ट्रात आणला होता. साहजिकच तो उत्तरेकडे नेणाऱ्याचे नाव येथल्या तालमींतही चर्चेचा विषय झाले असल्यास नवल नाही. पुढच्या काळात मेहरदीन या बलाढ्य मल्लाशी झालेल्या त्यांच्या लढती उत्तरेत विशेष गाजल्या. त्या काळच्या नामांकित मल्लांच्या अवाढव्य देहांपुढे चंदगीराम अंगलटीने सडपातळच वाटत. शाकाहारी, शिस्तीचे, दमसासाचे पक्के. मांसाहाराविना मल्ल घडत नाही म्हणणाऱ्यांना उत्तरेत त्यांचेच उदाहरण दिले जाई.

डिसेंबर १९७० मध्ये बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. मातीतला मल्ल मॅटवर गेला की त्याची काय तारांबळ उडते, हे त्या पिढीने पुरेपूर अनुभवले होते. मातीत वेळेचा काच नसे. चीतपट हाच निकाल. मॅटवर त्या काळी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक पकडीचा गुण, आणि वर्तुळाबाहेर गेले की पुन्हा मध्यभागी. मातीत पाय रुततो, मॅटवर तो निसटतो. तेहतिशीत पोहोचलेल्या चंदगीराम यांनी तेथे १०० किलो गटात इराणच्या अबोलफझल अन्वारी याच्यावर मात करून सुवर्णपदक मिळविले. इराण हे कुस्तीतील प्रबळ राष्ट्र. तेव्हा हा विजय लहान नव्हता.

त्या स्पर्धेत भारताला सहा सुवर्णपदके मिळाली. त्यांतील एक मुष्टियोद्धा हवासिंग यांचे होते, तेही हरियाणाचेच. आणि एक होते कमलजीत संधू या धावपटूचे. ४०० मीटर शर्यत जिंकून आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. एकाच पथकात ही दोन पदके यावीत हा योगायोगच. त्यावरून चंदगीराम यांच्या मनात तेव्हाच काही विचार आला असेल असा तर्क लढविण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना ती आठवण टाळताही येत नाही.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते उतरले, पदक मिळाले नाही. मधल्या काळात चित्रपटसृष्टीचीही त्यांच्यावर नजर गेली. ‘वीर घटोत्कच’ आणि ‘टारझन ३०३’ या चित्रपटांतून ते पडद्यावर दिसले. पहिलवानाला एकदा तरी घटोत्कच किंवा टारझन व्हावे लागते, हा हिंदी चित्रपटांचा त्या काळचा नियमच होता. या प्रकरणाला याहून अधिक महत्त्व देण्याची गरज नाही.

खरे महत्त्व आहे ते दिल्लीत यमुनेकाठी त्यांनी सुरू केलेल्या आखाड्याला. निवृत्त मल्लाने आखाडा काढणे यात नवे काही नाही. पण वस्तादाच्या आखाड्याचे एक शास्त्र असते. पठ्ठे वस्तादाचे असतात, त्याच्या नावाने लढतात, त्याच्या वैऱ्याशी वैर धरतात. त्यांच्या खुराकाची चिंता कुणी धनिक किंवा पुढारी वाहतो आणि मैदानात त्यांच्या विजयावर त्या धनिकाची मिशी वर जाते. पूर्वी संस्थानिक हे करीत. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात कुस्तीला जो आश्रय दिला त्यातून खासबागेचे मैदान उभे राहिले, आणि त्या आश्रयाचे ऋण महाराष्ट्राची कुस्ती आजही मानते. परंतु आश्रयाची ही रीत अखेर निवडक लोकांची असते. वस्ताद पठ्ठा निवडतो. शाळेचे तसे नसते. शाळामास्तराला वर्ग निवडता येत नाही. जो दारात येईल तो विद्यार्थी. हुशार आला तरी शिकवावयाचे, मठ्ठ आला तरी शिकवावयाचे.

आणि मुलगी आली तर? शाळेत या प्रश्नाचे उत्तर, निदान तत्त्वतः, केव्हाच मिळाले होते. आखाड्यात ते कुणी विचारलेही नव्हते.

आखाडा हे केवळ व्यायामाचे ठिकाण नव्हे, ते एक देवस्थान असते. मारुतीची मूर्ती, तिच्यापुढे तेलाची पणती, हौद्यातील मातीला नमस्कार करून मगच आत पाऊल. आणि या साऱ्याच्या मुळाशी ब्रह्मचर्याची कल्पना. स्त्रीचे दर्शनही मल्लाच्या तपात विघ्न आणते, असे शिकविणाऱ्या परंपरेत तिने स्वतःच लांग कसून मातीत उतरणे ही गोष्ट निषिद्ध म्हणण्याच्याही पलीकडची होती. ती कुणी निषिद्ध ठरविली नव्हती, कारण ती कुणाच्या कल्पनेतच नव्हती. अलीगढच्या हमीदा बानू यांनी चाळीस-पन्नासच्या दशकांत पुरुष मल्लांना आव्हान देऊन मैदाने गाजविली हे खरे. परंतु त्यांच्याकडे लोकांनी एक नवल म्हणून पाहिले. तिकिटे खपली, टवाळी झाली, विरोध झाला, आणि त्यांच्यामागे मुलींचा एकही आखाडा उभा राहिला नाही. एखादी स्त्री अपवाद म्हणून मातीत उतरणे आणि मुलींना रीतसर शिकविणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

हे अंतर चंदगीराम यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ओलांडले. स्त्रियांच्या कुस्तीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८७ पासून सुरू झालेली होती. ऑलिंपिकमध्ये तिचा समावेश २००४ साली अथेन्सला झाला. म्हणजे मास्तरांनी आपल्या मुलींना आखाड्यात उतरविले तेव्हा ऑलिंपिकचे दार अद्याप उघडलेही नव्हते. सोनिका आणि दीपिका या त्यांच्या कन्या पहिल्या शिष्या. आधी आपल्या घरच्या मुलींना उतरवावे आणि मग दुसऱ्याच्या मुली मागाव्यात, हा व्यवहारही मास्तरांना शोभणाराच. लोकांच्या लेकींना उपदेश करणारे सुधारक आपल्याकडे उदंड झाले. स्वतःच्या लेकीपासून आरंभ करणारे थोडे.

हे कोठे चालले होते याचाही विचार केला पाहिजे. २००१ च्या जनगणनेत हरियाणात दर हजार पुरुषांमागे ८६१ स्त्रिया होत्या, आणि सहा वर्षांखालील बालकांत दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८१९ मुली. मुलगी जन्माला येऊ देण्याविषयीच जेथे इतकी नाखुशी, तेथे तिला दूध-तूप-बदामाचा खुराक द्यावा, तिने केस कापून पहाटे जोर-बैठका काढाव्यात आणि चारचौघांदेखत मैदानात उतरावे, हे सांगणारा माणूस लोकांना वेडा वाटला यात आश्चर्य नाही. विरोध परक्यांचा नव्हता. तो आखाड्यांचाच होता, ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्याच मंडळींचा होता. आखाडा बाटला, अशी ओरड झाली. हिंदकेसरीचे वैभव, पद्मश्रीची प्रतिष्ठा हे सारे पणाला लावून हा माणूस साठीत हा नसता उद्योग करीत होता.

येथे त्यांच्याविषयी एक गैरसमज टाळला पाहिजे. चंदगीराम हे आधुनिक अर्थाने बंडखोर नव्हते. मारुतीची पूजा, शाकाहार, पहाटेचा नेम, गुरूपुढे वाकण्याची रीत यांतील काही त्यांनी सोडले नाही. परंपरेबाहेर उभे राहून तिच्यावर दगड मारणे सोपे असते, आणि आखाड्यांनी तसा दगड सहज झेलला असता. हा माणूस आतलाच होता. त्याने मारुतीही ठेवला, मातीही ठेवली, आणि त्या मातीत मुलगी उभी केली. त्यामुळे विरोधकांची अडचण झाली. ज्याचे ब्रह्मचर्य, ज्याचा नेम, ज्याच्या कुस्त्या आपण पोरांना आदर्श म्हणून सांगितल्या, त्यालाच अधर्मी कसे म्हणावयाचे?

त्यांच्या आखाड्यात पूर्वी शिकून गेलेल्या तरुणांत भिवानी जिल्ह्यातील बलाली गावचे महावीरसिंह फोगाट होते. बलाली आता चरखी दादरी जिल्ह्यात मोडते. गुरूने मुलींना उतरविल्याचे पाहून या शिष्याने आपल्या गावी तेच आरंभिले. गीता, बबिता या मुली आणि पुतणी विनेश यांना त्याने घडविले. त्या घराची कथा २०१६ च्या ‘दंगल’ या चित्रपटाने साऱ्या देशाला सांगितली. चित्रपटामुळे बलाली सर्वांना ठाऊक झाली, यमुनेकाठचा आखाडा मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. शिष्य प्रसिद्ध व्हावा आणि मास्तर विसरला जावा, हा तर शिक्षकी पेशाचा नेहमीचाच अनुभव. अर्थात भारतातील स्त्रियांच्या कुस्तीचे सारे श्रेय एकट्या चंदगीराम यांच्या पदरात टाकणेही न्याय्य होणार नाही. २००६ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या अलका तोमर पश्चिम उत्तर प्रदेशातील होत्या, त्यांचे शिक्षण वेगळ्या ठिकाणी झाले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या साक्षी मलिक रोहतकच्या. वाटा अनेक होत्या. पण वाट आहे, असे आधी म्हणणाऱ्यांत ज्याच्या शब्दाला आखाड्यांत वजन होते, असा माणूस हाच होता.

या कौतुकात एक अवघड प्रश्नही दडलेला आहे, आणि तो टाळून मास्तरांचे स्मरण करणे खोटेपणाचे ठरेल. आखाड्यात गुरूचा शब्द अंतिम. उठ म्हटले की उठावयाचे, उपाशी राहा म्हटले की राहावयाचे. ही सत्ता बाप-मुलीच्या नात्यात किंवा सज्जन शिक्षकाच्या हाती असते तेव्हा तिला शिस्त म्हणतात. तीच सत्ता भलत्या हाती गेली तर? जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया हे नामांकित मल्ल दिल्लीत जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे आरोप त्यांनी केले. आरोप अध्यक्षांनी नाकारले, प्रकरण न्यायालयात गेले. त्या वर्षाच्या डिसेंबरात साक्षी मलिक यांनी पत्रकारांपुढे आपले कुस्तीचे बूट मेजावर ठेवले आणि रडत रडत खेळ सोडल्याचे जाहीर केले. मुलींना आखाड्याचे दार उघडून देणे हे अर्धे काम होते. आत आलेल्या मुलीला गुरूविरुद्ध, अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करावयाची झाली तर ती कोठे जाईल, याची व्यवस्था हे उरलेले अर्धे. शाळेत निदान पालक असतात, तपासनीस असतात, नियमांचे पुस्तक असते. आखाड्याने शाळेपासून मुलगी घेतली, हे सारे घेतले नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत हरियाणाकडे बोट दाखवून समाधान मानण्याचे कारण नाही. शाहूंच्या नावाने कुस्तीचा अभिमान मिरविणाऱ्या, मुलींच्या शिक्षणात आपण सर्वांच्या पुढे होतो असे वारंवार सांगणाऱ्या या प्रांतात ‘महाराष्ट्रकेसरी’ ही स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. स्त्रियांसाठी ती प्रथम भरली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. प्रतीक्षा बागडी ही पहिली महिला महाराष्ट्रकेसरी. मधे बासष्ट वर्षे गेली. या बासष्ट वर्षांत येथे मल्ल होते, वस्ताद होते, आश्रयदाते होते, आणि कुस्ती पाहावयास गर्दी करणारे शिक्षकही होते. उशिरा का होईना आज कोल्हापूर-सांगलीकडे मुली मातीत आणि मॅटवर उतरत आहेत. त्यांच्या गावच्या शाळांत व्यायामाचा तास वेळापत्रकात असतो. तो प्रत्यक्षात होतो की गणिताला देऊन टाकला जातो, हे मात्र त्या त्या मुख्याध्यापकांनाच ठाऊक.

चंदगीराम यांच्या हयातीत यांतील फारच थोडे घडले. त्यांच्या कन्या देशातील स्पर्धा जिंकू लागल्या हे त्यांनी पाहिले. टिंगल करणाऱ्यांपैकी काहींनी आपल्याच मुली आखाड्यात पाठविल्या, हेही पाहिले असावे. जून २०१० च्या अखेरीस ते गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. कुस्त्या झाल्या त्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात, मास्तरांच्या आखाड्यापासून काही मैलांवर, यमुनेच्याच काठी. ५५ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्यांच्या शिष्याची मुलगी गीता फोगाट ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला हरवून विजयी झाली. राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. मास्टर चंदगीराम यांच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम तीन महिने उलटले होते.